पुण्यात रोज १२ किमी, महिन्यातून एकदा गुहागर: मिडसाइझ एसयूव्हीत पेट्रोल, हायब्रिड की डिझेल?

कोथरूड_ते_कोकण (प्रश्न)

नमस्कार. ऑनरोड १८ ते २१ लाखांत पाच जणांसाठी गाडी घ्यायची आहे: आम्ही दोघं, ६ वर्षांची मुलगी, आई आणि बाबा. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे गाडीत चढ-उतार सोपी हवी. दोघांपैकी कोणीही चालवायचं, म्हणून ऑटोमॅटिकच.

वापर असा: ऑफिस ६ किमी, म्हणजे जाऊन-येऊन १२. महिन्यातून एकदा गुहागरजवळ गावी, बहुतेक वेळा उंब्रज–पाटण–कुंभार्ली मार्गे, पाच माणसं आणि डिकी भरून सामान. वर्षाला साधारण ११,००० किमी होतील. गाडी ८–१० वर्षं ठेवायची आहे.

सोसायटीत चार्जिंगची सोय नाही, त्यामुळे इलेक्ट्रिक सध्या बाजूला. यादीत क्रेटा (पेट्रोल किंवा डिझेल), हायरायडर/ग्रँड विटारा हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर, दोन्हींवर चालणारी), एलिव्हेट आणि टायगुन/कुशाक आहेत. याच पैशांत ३ वर्षं जुनी एक्सयूव्ही ७०० डिझेल मिळते, तिचाही विचार मनात येतो. पार्किंग मेकॅनिकल आहे, दोन मजली.

इंजिन कोणतं घ्यावं, आणि बुकिंगपासून डिलिव्हरीपर्यंत काय तपासावं?

---

हिशोबी

आधी आकडे मांडू, म्हणजे निम्मी यादी आपोआप गळेल.

पुण्यात पेट्रोल १०४ आणि डिझेल ९१ रुपये धरतो. तुमच्या मिश्र वापरात साधं १.५ पेट्रोल ऑटोमॅटिक १२.५ च्या आसपास देईल, डिझेल ऑटोमॅटिक १५.५, हायब्रिड २०. कंपनीचे आकडे यापेक्षा बरेच मोठे असतात (हायब्रिडला २७.९७ सांगतात), पण ते प्रयोगशाळेतले. हिशोब त्यावर करू नका. ११,००० किमीला पेट्रोलचा वार्षिक खर्च सुमारे ९१,५००, डिझेलचा ६४,६०० आणि हायब्रिडचा ५७,२००. म्हणजे पेट्रोलच्या तुलनेत डिझेल वर्षाला २७,००० वाचवतं आणि हायब्रिड ३४,०००.

आता हे वाचवण्यासाठी आधी किती मोजायचे ते बघा. त्याच व्हेरियंटमध्ये डिझेल साधारण दीड लाखाने महाग पडतं. त्यावर महाराष्ट्राचा रोड टॅक्स. वैयक्तिक नावावर १० ते २० लाखांच्या टप्प्यात पेट्रोलला १२ टक्के आणि डिझेलला १४. एक्स-शोरूम १६ लाखांच्या पेट्रोलला १.९२ लाख टॅक्स, १७.५ लाखांच्या डिझेलला २.४५ लाख. म्हणजे फरक दीड लाखाचा नाही, दोन लाखांचा. तो भरून निघायला साडेसात वर्षं. हायब्रिडसाठी त्याच दर्जाच्या साध्या ऑटोमॅटिकपेक्षा पावणेतीन लाख जास्त धरले तर टॅक्ससकट ३.०८ लाख होतात, म्हणजे नऊ वर्षं. वर्षाला २०,००० किमी असते तर डिझेल चार वर्षांत आणि हायब्रिड पाच वर्षांत वसूल झालं असतं. (माझे दर जुने झाले असतील तर कोटेशनमधले आकडे घालून हाच हिशोब पुन्हा करा, पद्धत तीच.)

जीएसटीबद्दल एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. २२ सप्टेंबर २०२५ च्या आधी या आकाराच्या साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर सेससकट ४५ टक्के कर होता आणि स्ट्राँग हायब्रिडवर ४३. आता दोन्हींवर सरळ ४० टक्के. हायब्रिडला जी थोडी सवलत होती ती गेली, म्हणून त्याआधीचे तुलनेचे व्हिडिओ बघून किमतीचा निर्णय घेऊ नका.

नुसत्या पैशांच्या दृष्टीने तुमच्यासाठी साधं १.५ पेट्रोल. हायब्रिड घेतलीत तर ती गर्दीतल्या शांत चालीसाठी घ्या, बचतीसाठी नाही.

---

घाटमाथा

हिशोबीचे आकडे बरोबर आहेत. पण कुंभार्ली घाट त्या हिशोबात धरलेला नाही, आणि या धाग्यात खरा प्रश्न तोच आहे.

पाच माणसं आणि सामान म्हणजे साधारण ४०० किलो. गाडीचं स्वतःचं वजन १,२५०–१,३०० किलो, म्हणजे एक तृतीयांश भर वाढली. क्रेटाचं साधं १.५ पेट्रोल ११५ पीएस (ताकद) आणि १४४ एनएम (टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर) देतं, एलिव्हेट १२१ आणि १४५. हा टॉर्क वरच्या आरपीएमला मिळतो. एसी लावून चढाच्या वळणावर वेग २० वर आला की सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) इंजिन ४,००० च्या वर नेऊन धरतो, आवाज वाढतो आणि वेग हळूहळू वाढतो. इंजिनला त्यात काहीही धोका नाही. त्रास होतो तो ओव्हरटेकला. ट्रकच्या मागे अडकल्यावर पुढचा सरळ तुकडा ८०–१०० मीटरचा असेल तर साधं पेट्रोल घेऊन भरल्या गाडीत निघू नये. थांबायची तयारी असेल तर हे इंजिन पुरतं.

हायब्रिडचं उलटं. शहरात ती सर्वोत्तम, पण तिची बॅटरी एका युनिटपेक्षाही कमी क्षमतेची आहे. चढ लांबला की बॅटरीतली वीज संपत येते आणि बहुतेक भार तीन सिलिंडरच्या १.५ इंजिनावर येतो. तेव्हा तिचा ११६ पीएसचा एकत्रित आकडा कागदावर राहतो. उतारावर बॅटरी लगेच पूर्ण भरते आणि मग मोटरची ब्रेकिंग कमी होते. घाट उतरताना सुरुवातीपासून लीव्हर ‘बी’वर ठेवा, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवेल आणि ब्रेक तापणार नाहीत.

हायब्रिडची दुसरी अडचण डिकी. बॅटरी मागच्या बाजूला असल्याने डिकी २६० लिटरच्या आसपास उरते, साध्या प्रकारात ती ३७३ आहे. क्रेटाची ४३३, एलिव्हेटची ४५८. मे महिन्यात परतताना पाच जणांच्या बॅगा आणि आंब्याच्या चार पेट्या हायब्रिडमध्ये मावणार नाहीत. आणि पेट्या मागच्या सीटच्या पाठीपेक्षा उंच रचू नका. जोरात ब्रेक लागला तर त्या थेट डोक्यावर येतात.

टर्बो पेट्रोल म्हणजे क्रेटाचं १.५ टर्बो (१६० पीएस, २५३ एनएम) किंवा टायगुन/कुशाकचं १.५ टीएसआय (१५० पीएस, २५० एनएम). घाटात दोन्ही उत्तम. दोघांनाही ७ गिअरचा ड्राय क्लचचा डीसीटी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आहे, आणि तो कसा वापरायचा हे घरातल्या दोन्ही चालकांना माहीत हवं. चढावर रांगेत ॲक्सिलरेटर हलका दाबून गाडी जागेवर धरून ठेवली की क्लच घसरत तापतो, मग वास येतो आणि स्क्रीनवर तापमानाचा इशारा दिसतो. बरोबर पद्धत अशी: ऑटो होल्ड (थांबल्यावर गाडी स्वतःच ब्रेक धरून ठेवते ती सोय) चालू, पुढच्या गाडीपर्यंत दोन गाड्यांची जागा होऊ द्या, मग एकदम सोडून पुढे जा. इंच इंच सरकू नका. इशारा आलाच तर कडेला ‘पी’मध्ये इंजिन चालू ठेवून १० मिनिटं थांबा.

१.० टीएसआयला (११५ पीएस, १७८ एनएम) टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून जोर पोहोचवणारा) गिअरबॉक्स आहे, क्लच तापायचा प्रश्न नाही. पण टायगुन–कुशाकची रुंदी १,७६० मिमी आहे आणि मागे तीन मोठी माणसं खांद्याला खांदा लावून बसतात. सहा तासांच्या प्रवासाला तिघं मागे असतील तर मी ती यादीतून काढेन.

क्रेटा डिझेल: ११६ पीएस, २५० एनएम आणि ६ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर. भरल्या गाडीने कुंभार्ली चढण्यासाठी यादीतली सर्वांत निर्धास्त जोडी हीच. डीपीएफबद्दल (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) गॅरेजवाले बोलतीलच.

आईंच्या गुडघ्यांसाठी शोरूममध्ये टेप घेऊन जा. जमिनीपासून सीटच्या काठापर्यंत ६० ते ७० सेंमी असेल तर बसताना वाकावं लागत नाही आणि चढावंही लागत नाही. त्याहून महत्त्वाचं, दाराचा उंबरठा किती रुंद आहे ते बघा. रुंद असेल तर पाय लांब टाकावा लागतो, आणि दुखऱ्या गुडघ्याला तेच जड जातं. आईंनाच घेऊन जा, पाच वेळा चढा-उतरायला सांगा, मागच्या दारातून.

मुलीला बूस्टर (मुलाला उंच बसवणारी छोटी सीट) लागेल. बूस्टर फक्त तीन बिंदूंच्या पट्ट्यावर चालतो. कमरेचा पट्टा पोटावर नको, मांडीच्या वर हाडावर हवा. खांद्याचा पट्टा मानेला न घासता खांद्याच्या मध्यावर. बूस्टर एका खिडकीशी, आई दुसऱ्या खिडकीशी, म्हणजे मधे मोठं माणूस येणार. त्या मधल्या जागेला हेडरेस्ट आणि तीन बिंदूंचा पट्टा आहे का ते घ्यायच्या व्हेरियंटमध्येच बघा. टॉप मॉडेल दाखवतात आणि आपण मधलं घेतो. बूस्टर सोबत नेऊन बसवून बघा. पट्ट्याचं बकल बूस्टरखाली दबतं का ते तिथेच कळतं.

---

कोथरूड_ते_कोकण

खूप उपयोगी. दोन शंका. महिन्याला एकदा ५५० किमीचा प्रवास होतोच, मग डीपीएफला तेवढं पुरत नाही का? आणि जुनी एक्सयूव्ही ७०० का नको?

---

गॅरेज_चिखली

डीपीएफचं नीट समजून घ्या. काजळी साठली की गाडी स्वतःच जास्तीचं डिझेल सोडून फिल्टर ६०० अंशांच्या आसपास तापवते आणि काजळी जाळते. वापरावर अवलंबून साधारण ३००–४०० किमीला एकदा ही वेळ येते आणि जळायला १५–२० मिनिटं सलग चाल लागते. तुमचं ऑफिस ६ किमी, म्हणजे इंजिन पूर्ण तापेपर्यंत तुम्ही पोहोचता. प्रक्रिया सुरू झाली आणि तुम्ही चावी बंद केली, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अर्धवट राहिलेल्या प्रत्येक प्रयत्नात थोडं न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं, डिपस्टिकवर पातळी चढलेली दिसते आणि टर्बोचं बेअरिंग झिजतं. खरं नुकसान हे आहे. डीपीएफ साफ करता येतो, टर्बो बदलावा लागतो.

तेव्हा महिन्यातून एकदा पुरत नाही. दर आठवड्याला एकदा इंजिन गरम असताना २०–२५ मिनिटं, २,००० आरपीएमच्या वर, ६०–८० च्या वेगाने सलग चाल हवी. कात्रज–देहूरोड बायपासवर पहाटे ते जमतं. हे दहा वर्षं नियमाने करणार असाल तर डिझेल घ्या. रविवारी कंटाळा येणार असेल तर घेऊ नका. आणि दिवा लागल्यावर ‘सर्व्हिसला बघू’ म्हणून तसंच चालवू नका. त्याच दिवशी बायपास. डीपीएफसाठी कमी राखेचं ऑइल लागतं. मॅन्युअलमध्ये दिलेला ग्रेडच घाला. बाहेर स्वस्तात मिळतं ते साधं डिझेल ऑइल घातलं की त्याची राख फिल्टरमध्ये बसते, आणि राख जळत नाही.

जुनी ७०० गाडी म्हणून दणकट आहे, नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या अपघात चाचणीत पाच तारेही मिळाले. पण आधी तुमच्या पार्किंगच्या यंत्रावरची पाटी वाचा. लांबी, रुंदी, उंची, वजन अशा चार मर्यादा लिहिलेल्या असतात. ७०० ची मापं ४,६९५ × १,८९० × १,७५५ मिमी, वजन बहुतेक प्रकारांत १.७ टनांच्या पुढे. क्रेटा ४,३३० × १,७९० × १,६३५. जुन्या दोन मजली यंत्रांत खालच्या मजल्याची उंची १,५५०–१,६०० मिमी असते, तिथे क्रेटाही जात नाही, वरचाच मजला घ्यावा लागतो. शिवाय पाटीवरच्या रुंदीवर जाऊ नका. पॅलेटच्या (गाडी उभी राहते तो लोखंडी पाट) दोन कडांमधलं आतलं अंतर मोजा आणि गाडीच्या दोन्ही टायरच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर त्यातून वजा करा. दोन्ही बाजूंना मिळून १५ सेंमी तरी उरायला हवेत, नाहीतर अलॉय रोज घासणार.

तिच्या डिझेल इंजिनाला धूर साफ करायला डीईएफ नावाचं द्रव वेगळं भरावं लागतं, ज्याला लोक ॲडब्लू म्हणतात. ते संपत आलं की उरलेल्या किलोमीटरची उलटी मोजणी दिसते. शून्यावर येऊन इंजिन बंद केलं तर पुन्हा सुरू होत नाही. सीलबंद डबा घ्या, सुटं नको, आणि चुकून डिझेलच्या टाकीत ओतू नका. ओतलंच तर चावीसुद्धा फिरवू नका, टोइंग बोलवा.

जुनी बघणारच असाल तर स्कॅनर लावल्याशिवाय टोकन देऊ नका. डीपीएफमधली काजळी, शेवटच्या यशस्वी रिजनरेशननंतरचं (काजळी जाळण्यानंतरचं) अंतर आणि जुने एरर कोड वाचून घ्या. कालच कोड पुसले असतील तर ‘पुसल्यापासून चाललेलं अंतर’ अगदी कमी दिसतं, तेही विचारा. पेंटमीटरवर मूळ रंग बहुधा ९० ते १५० मायक्रॉन असतो. ३०० च्या वर म्हणजे खाली पुट्टी. छतावर किंवा खांबांवर पुट्टी असेल तर विषय तिथेच संपवा.

पुराची गाडी ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला मातीची रेघ राहते, ती कोणी धुवत नाही. स्टेपनीचा खड्डा, सीटच्या रुळांचे बोल्ट, डॅशखालच्या फ्यूजबॉक्सच्या पिना बघा, कार्पेट उचलून फोम हाताने दाबा. जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरासारख्या पुरांत बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकल्या जातात. विम्याच्या क्लेमचा इतिहास मागा.

---

कागदपत्र_आणि_विमा

नवी घ्या की जुनी, कागदांची बाजू सांगतो.

कोटेशन ओळीओळीने मागा. एक्स-शोरूम, रोड टॅक्स, नोंदणी, विमा, फास्टॅग, आणि गाडी १० लाखांच्या वर असल्याने १ टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आयकर). हा टीसीएस बुडत नाही, तुमच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्नमध्ये परत किंवा वळता मिळतो. त्यामुळे बिलावर पॅन बरोबर आहे का बघा. ‘हँडलिंग’, ‘लॉजिस्टिक’ किंवा ‘एसेन्शियल किट’ अशी ओळ दिसली की ती काढायला सांगा. गाडी शोरूमपर्यंत आणण्याचा खर्च एक्स-शोरूम किमतीत धरलेला असतो. ॲक्सेसरीज ऐच्छिक असतात. वाढीव वॉरंटी त्याच दिवशी घ्यायलाच हवी असं नाही, मूळ वॉरंटी चालू असेपर्यंत घेता येते. फक्त उशिरा घेतली तर दर वाढतो.

विमा डीलरकडूनच घ्यायची सक्ती नाही. नव्या गाडीला ३ वर्षांचा थर्ड पार्टी बंधनकारक आणि १ वर्षाचा स्वतःच्या नुकसानीचा असतो. बाहेरून दोन कोटेशन आणा, पण आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) आणि ॲडऑन (जादा संरक्षणं) समान ठेवून तुलना करा. हप्ता कमी दिसतो तेव्हा बहुतेक वेळा आयडीव्ही खाली आणलेली असते. तुमच्या वापराला तीन गोष्टी लागतात: झिरो डेप (भागांचा घसारा न कापणारं; नाहीतर प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के खिशातून जातात, आणि आजच्या बंपरमध्ये दुसरं काही नसतं), इंजिन प्रोटेक्ट आणि कन्झ्युमेबल्स (ऑइल, नट-बोल्टसारख्या वस्तू). इंजिन प्रोटेक्ट कोकणच्या पावसासाठी. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करायचा प्रयत्न केला की सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या पॉलिसीत हे नुकसान ‘नंतर झालेलं’ म्हणून नाकारतात. ॲडऑन असलं तरी नियम एकच: बंद पडली की स्टार्ट बटणाला हात लावायचा नाही, ढकलून बाहेर काढायची आणि टोइंग.

जुन्या गाडीचा नो क्लेम बोनस तुमच्या नावावर असेल तर तो नव्या पॉलिसीत आणता येतो, २० पासून ५० टक्क्यांपर्यंत. आधीच्या विमा कंपनीकडून प्रमाणपत्र घ्या.

पूर्ण पैसे भरण्याआधी आणि नोंदणी होण्याआधी पीडीआय (डिलिव्हरीपूर्व तपासणी) करा. नंबर पडल्यावर गाडी बदलून मिळत नाही. शक्य असेल तर स्टॉकयार्डमध्ये, दिवसा आणि गाडी धुण्याआधी. पॉलिश केलेल्या गाडीवर ओरखडे लपतात. चासी नंबर लिहून घ्या आणि बिल, विमा, फॉर्म २२ (गाडी बनवणाऱ्या कंपनीचं प्रमाणपत्र) यांवर तोच आहे का ते ताडून बघा. उत्पादनाचा महिना-वर्ष फॉर्म २२ वर असतो. चासी नंबरचं दहावं अक्षर बहुतेक कंपन्यांत वर्ष सांगतं: आर म्हणजे २०२४, एस म्हणजे २०२५, टी म्हणजे २०२६. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. पाचवं टायर म्हणजे स्टेपनीही बघा. मोठ्या अलॉयच्या व्हेरियंटला स्टेपनी अनेकदा लहान मापाची असते, ती लावून ८० च्या पुढे जाऊ नये. गुहागरच्या रस्त्यावर रात्री हे आधीपासून माहीत असलेलं बरं. मीटरवर १०० किमीपेक्षा जास्त दिसले तर कारण लेखी मागा. सगळ्या काचांवरची छाप एकाच कंपनीची आणि जवळपासच्या तारखांची हवी. एसी, चारही काचा, सनरूफ, दोन्ही चाव्या, मागचा कॅमेरा, आयसोफिक्सचे (मुलांची सीट अडकवायचे) हूक, जॅक, पाना हे सगळं तिथेच चालवून आणि मोजून बघा.

गेल्या वर्षाच्या डिसेंबरची गाडी जानेवारीत स्वस्त देतात. दहा वर्षं ठेवणार असाल तर सूट भरपूर असल्यास चालेल. तीन वर्षांत विकणार असाल तर नको, विकताना उत्पादनाचं वर्षच धरतात.

जुनी घेतलीत तर मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५, दुसऱ्या आरटीओची असेल तर फॉर्म २८. वाहनच्या पोर्टलवर थकलेले ई-चलान, हायपोथिकेशन (गाडीवरच्या कर्जाची नोंद) आणि विमा बघूनच पैसे द्या. विमा तुमच्या नावावर १४ दिवसांत करून घ्या. विकणाऱ्याचा बोनस तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे फरकाची रक्कम भरावी लागते.

---

गॅरेज_चिखली

नवी घेतल्यावर गावच्या वापरासाठी थोडं.

समुद्राजवळ दोन दिवस उभी राहिली की परतल्यावर खालून गोड्या पाण्याने धुवा: चाकांच्या कमानी, सायलेन्सरचे जोड, मागचा एक्सल. डीलरचं अँटीरस्ट कोटिंग घेणार असाल तर दारांच्या खालची पाणी जायची भोकं बुजवलेली नाहीत ना, हे स्वतः वाकून बघा. भोकं बुजली तर पाणी आत साठतं आणि न कोट केलेल्या गाडीपेक्षा लवकर गंजते.

जांभ्याच्या रस्त्यांची लाल धूळ बारीक असते. एअर फिल्टर आणि केबिन फिल्टर १०,००० ची वाट न बघता ५,००० ला काढून झटका. एसीची हवा कमी झाली की लोक गॅस भरायला येतात, आणि बहुतेकदा केबिन फिल्टर तुंबलेला असतो.

उंदीर. गावी अंगणात आणि पुण्यात बेसमेंटमध्ये, दोन्हीकडे. आत शिरायची मुख्य वाट बॉनेटखालची हवेची जाळी आणि केबिन फिल्टरची पेटी. तिथे स्टीलची बारीक जाळी बसवून घ्या, गाडीत खाऊचे तुकडे ठेवू नका, आणि गाडी आठवडाभर एका जागी उभी ठेवू नका. हायब्रिडमध्ये नारिंगी केबल उच्च दाबाच्या असतात. त्या कुरतडलेल्या दिसल्या तर हात लावायचा नाही, टेप गुंडाळायचा नाही, थेट कंपनीचं वर्कशॉप. हायब्रिडच्या बॅटरीला गार ठेवणाऱ्या हवेच्या झरोक्यावर बॅगा, चादरी रचू नका आणि त्याची जाळी सर्व्हिसला साफ करून घ्या. बॅटरी तापली की गाडी आधी मायलेज कमी करते, मग इशारा देते. त्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किमी वॉरंटी आहे, तिची भीती बाळगू नका. १२ व्होल्टची छोटी बॅटरी मात्र महिनाभर उभ्या गाडीत उतरते आणि मग सगळंच बंद.

टायरचा दाब दाराच्या स्टिकरवर दोन प्रकारे दिलेला असतो, कमी माणसांचा आणि पूर्ण भाराचा. गावी निघण्याआधी, टायर थंड असताना, भाराचा दाब भरा आणि परतल्यावर खाली आणा. ब्रेक फ्लुइड दर २ वर्षांनी बदला. ते हवेतली ओल शोषतं, आणि घाट उतरताना तापलं की आत वाफ होऊन पेडल मऊ पडतं. एलिव्हेट घेतलीत तर सीव्हीटीचं ऑइल कंपनीचंच, ४०,००० च्या आसपास. टॉर्क कन्व्हर्टरचं ‘आयुष्यभराचं’ म्हणतात. घाटाच्या वापरात ८०,००० ते १ लाखात बदलून घ्या.

---

घाटमाथा

परत येऊन सांगतो. रोज १२ किमी, आठवड्याच्या बायपासची खात्री नाही, मधल्या सीटवर मोठं माणूस, डिकी मोठी हवी आणि यंत्रावरचं पार्किंग. एवढं सगळं एकत्र धरलं तर क्रेटा किंवा एलिव्हेट, साधं पेट्रोल सीव्हीटी. बजेट वरच्या टोकाला जात असेल आणि ऑटो होल्डची सवय दोघांनाही लागणार असेल तर क्रेटा टर्बो. पेट्रोलचे वर्षाला सातेक हजार जास्त जातील, घाटात ओव्हरटेक निवांत होईल.

ठरवण्याआधी एक चाचणी करा. डीलरकडे चार-पाच माणसं घेऊन जा, सगळ्यांना बसवा, एसी पूर्ण लावा आणि कात्रजचा जुना घाट चढवा. चढावर एकदा पूर्ण थांबून पुन्हा निघा. एकट्याने सपाट रस्त्यावर घेतलेल्या टेस्ट ड्राइव्हमध्ये ही तिन्ही इंजिनं सारखीच वाटतात.

---

कोथरूड_ते_कोकण

पार्किंगची पाटी बघून आलो: उंची १,६५० मिमी, रुंदी १,८५०, वजन २,००० किलो. ७०० बाद. एलिव्हेट १,६५० आहे ना?

---

गॅरेज_चिखली

हो, कागदावर बरोबर १,६५०, आणि अँटेना धरायची राहते. पाटीवरची मर्यादा आणि गाडीची उंची सारखी असेल तर त्यावर जाऊ नका. यंत्राची देखभाल करणाऱ्याकडून खालच्या मजल्याची प्रत्यक्ष मोकळी उंची मोजून घ्या, वरचं पॅलेट भरलेलं असताना. वजनाने ते १–२ सेंमी खाली झुकतं. क्रेटाला १५ मिमी मोकळी मिळते, तीही रूफ रेलसकट आहे का ते टेपने शोरूममध्येच मोजा.